शून्याच्या जरा वर

रस्ता ओलांडताना त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. सिग्नल बदलला होता आणि त्याच्या ते गावीही नव्हतं. हातात दोऱ्यांच्या रिळांची कागदी पिशवी आणि डोक्यात कुठल्याशा दुकानातला बिघडलेला वजनकाटा घेऊन तो आपल्याच तंद्रीत चालत राहिला. एका टेम्पोचा आरसा दंडाला चाटून गेला, पिशवी फाटली आणि कोणीतरी मागून कॉलर धरून त्याला खेचलं. "काका, जागे आहात ना?" खेचणारा म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता निघूनही गेला. रिळं रस्त्यावर घरंगळली. एक लाल रीळ उलगडत उलगडत पार पलीकडच्या कडेपर्यंत गेलं. तो त्या लाल दोऱ्याकडेच बघत राहिला, कारण अशा वेळी माणूस नेमका भलत्याच गोष्टीकडे बघतो. मग त्यानं मागे पाहिलं. फूटपाथच्या कडेला त्याची बायको उभी होती. दोन्ही हात पुढे, मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंड पूर्ण उघडं. ती ओरडत होती. सगळ्या अंगानं ओरडत होती आणि त्या उघड्या तोंडातून हवेशिवाय काहीच बाहेर येत नव्हतं. त्यानं हात हलवून 'ठीक आहे, ठीक आहे' अशी खूण केली तेव्हा तिनं तोंड मिटलं. ते मिटणं त्याच्या लक्षात राहिलं. घरी जाईपर्यंत ते उघडलं नाही, आणि घरी गेल्यावरही नाही.

तसा तिचा आवाज गळ्याच्या ऑपरेशनपासून उतरलाच होता. गाठ निघाली, ती साधी निघाली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला; आवाजाची एक नस तेवढी दुखावली होती. सुरुवातीला ती घोगरं बोलायची, मग हळू, मग आणखी हळू. तो टीव्हीचा आवाज कमी करायला लागला, जेवताना खुर्ची तिच्याजवळ ओढायला लागला, पंखा बंद करायला लागला. रोज थोडं थोडं. त्यामुळे आवाज किती गेला ते त्याला कळलंच नाही. रस्त्यावर मात्र पंखा बंद करता येत नाही. त्या दिवसानंतर तिनं बोलणंच सोडलं. रागानं नाही, रागावली असती तर बरं झालं असतं, रागाला काहीतरी उत्तर देता येतं. तिनं आपलं हिशेब केल्यासारखं ठरवून टाकलं, की ज्या हाकेनं माणूस थांबत नाही ती मारायची कशाला. स्वयंपाकघरातून बोलवायचं असेल तर ती शिवणाचं अंगुस्तान बोटात घालून स्टीलच्या पेल्यावर वाजवायची. टिंग म्हणजे चहा. टिंग टिंग म्हणजे जेवण. आणि नुसतंच टिंग टिंग टिंग म्हणजे, अहो, इथे या जरा. तो मुकाट्यानं जायचा. रविवारी लेकीचा फोन यायचा. "बाबा, आईला द्या ना," ती म्हणायची. आई फोन कानाला लावून हसायची, मान डोलवायची, आणि पलीकडून लेक विचारायची, "बाबा, आहे का आई तिथे? श्वास ऐकू येतोय नुसता."

खरा प्रश्न क्लासचा होता. पुढच्या खोलीत तिचा शिवणाचा क्लास चालायचा, भिंतीला टेकून मशीनी, मधे कापडं बेतायचं लांब टेबल, आणि सगळ्या मशीनींच्या खडखडाटावरून जाणारा तिचा आवाज, "अगं कडा दुमड, कडा! बाही आहे ती, पिशवी नाही." क्लास सुट्टीसाठी म्हणून बंद ठेवला होता. सुट्टी संपत आली होती आणि थोरल्या विद्यार्थिनीनं फार अदबीनं विचारलं होतं, की ताई, तोवर मी घेऊ का सगळ्यांना? ताईंनी मान हलवून हो म्हटलं होतं. ते 'तोवर' किती लांबेल हे दोघींनाही माहीत होतं. दवाखान्यातल्या आवाजाच्या बाईंनी तर बजावलं होतं, "नस परत येईल, पूर्ण नाही, पण येईल. मात्र बोलल्याशिवाय येणार नाही. आणि जोर लावून बोललात तर उलट व्हायचं. ढकलायचा नाही आवाज, सोडायचा. मऊ बोला, पण रोज बोला." मऊ बोललं तर ऐकू जात नाही, आणि ऐकू जात नाही म्हणून ती बोलत नाही. बोलली नाही तर नस कायमची झोपणार. त्यानं बाजारातून कमरेला बांधायचा एक भोंगा आणला. त्यातून तिचा आवाज लिलाव पुकारणाऱ्यासारखा यायचा आणि जरा वळलं की शिट्टी. तिनं तो एकदा बांधला, आरशात पाहिलं आणि कपाटात ठेवून दिला. मग तो म्हणाला, "मी करतो." ती हसली. घरातलं तुटकं स्टूल 'मी करतो' म्हणून किती वर्षं पडून होतं हे तिला बोलून दाखवायची गरज नव्हती.

पण हे त्यानं खरंच करायला घेतलं. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. किराणा दुकानातले, औषधांच्या दुकानातले, सोनारांचे, पार्सल कचेरीतले. तारा, सोल्डरचे डाग, मीटर यांत त्याचा हात बसलेला. अँप्लिफायर म्हणजे तरी काय, लहानाचं मोठं करणं. कार्यशाळेत त्याला शून्यराव म्हणत. कारण गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ताट रिकामं असताना काट्यावर निखळ शून्य येईपर्यंत तो काटा परत देत नसे. "शून्य खोटं तर सगळंच खोटं," असं तो म्हणायचा आणि बाकीचे तोंड फिरवून हसायचे. शून्यराव हे नाव इतकं रुळलं होतं की नव्या साहेबांनी एकदा पगारपत्रकावरचं खरं नाव वाचून 'हे कोण?' म्हणून विचारलं होतं. खरं नाव आता पगारपत्रकावर आणि गॅसच्या बिलावरच उरलं होतं. लेकीचा तो बाबा, शेजाऱ्यांचा काका, बायकोचा अहो. त्याची आई गेल्यापासून त्या नावानं त्याला कुणी हाकच मारली नव्हती. दवाखान्यात भरती करताना खिडकीतल्या बाईंनी बायकोला विचारलं, "मिस्टरांचं नाव?" तर हिनं, गळ्यात एवढी गाठ असताना, लाजून त्याला कोपर मारलं होतं, "सांगा ना." लेक लहानपणी मुद्दाम पिडायची, आई, बाबांचं नाव काय गं? तर उत्तर ठरलेलं, जा, त्यांनाच विचार.

बेतायच्या टेबलाच्या एका टोकाला त्यानं पसारा मांडला. तिनं काही न बोलता आपली कापडं दुसऱ्या टोकाला सरकवली आणि मधे मोजपट्टी आडवी ठेवली, ही सीमा. त्यानं फार देखणं काम केलं. एका खोक्यात सगळे भाग एका रांगेत, ताठ उभे. सगळ्या तारा एकत्र घेऊन मेणाच्या दोऱ्यानं अंतराअंतरावर गाठी मारून त्यांची एक जुडी बांधली, काट्यांमध्ये बांधतात तशी. तिनं ती जुडी बोटानं चाचपून पाहिली आणि भुवई उंचावली. टाका सरळ आहे, असा त्या भुवईचा अर्थ. शेवटी दोन मोठे ट्रान्झिस्टर, उष्णता पसरवणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पन्हळी पट्टीवर पाठीला पाठ लावून बसवलेले. एक आवाजाची लाट वर ढकलणारा, दुसरा खाली ओढणारा. कोणी बोलत नसताना या दोघांतून किती प्रवाह वाहू द्यायचा, हे एका बारीक स्क्रूनं ठरवायचं असतं. त्याला बायस म्हणतात. शून्यरावानं मीटर लावला, स्क्रू फिरवला आणि वाहता प्रवाह निखळ शून्यावर आणून ठेवला. कोणी बोलत नाही ना? मग काही वाहायचं कारण नाही. रिकामं ताट, शून्य काटा. स्पीकर आणि मोबाइल जोडून त्यानं मोठ्यानं वाजणारं काहीतरी लावलं, खिडकीच्या काचा थरारल्या, आणि तो लहान मुलासारखा खूश झाला.

"बोल काहीतरी," तो माइक तिच्यापुढे धरून म्हणाला. "काहीही. आकडे म्हण." तिनं मान हलवली. "माझ्यासाठी," तो म्हणाला. तसं तो सहसा म्हणत नसे. तिनं माइक घेतला, आवाजाच्या बाईंनी शिकवल्यासारखा श्वास सोडला आणि मऊ आवाजात, मोजपट्टीवर बोट फिरवत बोलावं तसं म्हणाली, एक, दोन, तीन. खोक्यातून आवाज आला. पण तो कोणी कागद चुरगळत बोलावं तसा, फाटलेला, प्रत्येक आकड्याची सुरुवात आणि शेवट खाल्लेला. मधला जाड भाग तेवढा आला, कडा गेल्या. आणि तिच्या आवाजात आता उरलं होतं ते सगळं कडांमध्येच होतं. तिनं माइक हळूच टेबलावर ठेवला. आपल्या गळ्यावर बोट ठेवलं, मग खोक्याकडे दाखवलं आणि पंजा उलटसुलट हलवला. ही मी नाही. त्यानं काहीतरी समजावायला तोंड उघडलं, पण ती आत गेली होती. थोड्या वेळानं आतून टिंग असं एकदाच वाजलं. चहा झाला होता. तो चहा त्यानं टेबलापाशी एकट्यानं घेतला, आणि टेम्पोच्या आरशानं जे झालं नव्हतं ते आत्ता झालं. त्याला रडू आलं. मोठ्या आवाजाला ते खोकं चोख होतं. फक्त हळू बोलणाऱ्याचं त्याला वावडं होतं. सगळ्या जगासारखंच झालं की हे, त्याच्या मनात आलं.

उलगडा झाला तो एका औषधाच्या दुकानात. तिथल्या काट्याची तक्रार होती, की तो भुकटी खातो. दुकानदारानं दाखवलं: ताटात चिमटीनं अगदी हळू, कणकण भुकटी सोडत राहिलं तर आकडा शून्यच. चांगली डोळ्यांना दिसणारी ढिगुली झाली तरी शून्य. "हळू टाकलंत तर तो खातोच," शून्यराव सवयीनं म्हणाला. "हवेची झुळूक, धूळ, असलं बारीकसारीक धरू नये म्हणून त्याला तसं शिकवलेलं असतं. शून्याजवळचं तो मोजतच नाही." आणि बोलता बोलता तो थांबला. दुकानदार वाट बघत राहिला. शून्यरावाला समोर दिसत होते ते पाठीला पाठ लावलेले दोन ट्रान्झिस्टर, त्यानं स्वतःच्या हातानं पार झोपवलेले. मोठी लाट आली की ते दचकून जागे होत. पण मऊ, शून्याच्या आसपासचं काही आलं, की वरचा म्हणे माझं काम अजून सुरू व्हायचंय, खालचा म्हणे माझंही; आणि मधल्या मधे ते बोलणं पडून जात होतं. कोणी बोलत नसतानाही दोघांनी थोडं जागं राहायला हवं होतं. ही गोष्ट पहिल्या धड्यातली, ती त्याला पाठ होती. पण शून्य दिसलं की त्याचा हात आपोआप तिकडे वळायचा, त्याला तो तरी काय करणार. त्यानं दुकानदाराचा काटा नीट केला. आता कणकण भुकटी टाकली तरी काटा ती मोजू लागला.

संध्याकाळी त्यानं स्क्रू उलटा फिरवला. मीटरवरचा आकडा शून्यावरून हलला. ताट रिकामं आणि काटा काहीतरी दाखवतोय, असा काटा त्यानं आयुष्यात कुणाला परत दिला नसता. कोणी बोलत नाही, खोली गप्प आहे, आणि तरी आत थोडंसं काहीतरी वाहतंय. बघता बघता त्याला कळलं की हे त्याच्या ओळखीचं आहे. हे घर कधी शून्यावर नव्हतंच. लग्न होऊन आली तेव्हापासून ही काही ना काही पुटपुटत असायची. त्याच्याशी नाही, कुणाशीच नाही. 'कुठे गेली बाई कात्री.' 'उकळ आता एकदाची.' 'अगं बाई, विसरलेच.' कुकरशी, दाराच्या कडीशी, न आलेल्या पाण्याशी. तो पेपर वाचायचा आणि ते त्याला ऐकूही यायचं नाही. पण त्यामुळेच मधेच ती खरं काही बोलली तर तो लगेच 'काय?' म्हणून वर बघायचा. ते पुटपुटणं थांबल्यापासून तो पार झोपला होता. हे त्याला आज, या वयात, एक स्क्रू फिरवताना कळावं याचं त्याला हसू आलं, आणि मग ती पुटपुट परत ऐकायची इतकी ओढ लागली की स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून तो नुसताच बसून राहिला.

पण खोकं ऐकायला तयार नव्हतं. बायस वाढवला तशी अॅल्युमिनियमची पट्टी तापायला लागली. कोमट नव्हे, चटका बसेल अशी. ट्रान्झिस्टरची एक जोडी जळून वास सुटला. नवी जोडी लावताना त्यानं सावधगिरी म्हणून वीज एका जुन्या दिव्यातून खोक्याला दिली. आत काही वावगं घडलं, फार वीज ओढली गेली, की दिवा पेटून चुगली करणार. आणि दिवा पेटला. माइक काढलेला, खोली चिडीचूप, स्पीकरमधून टाचणी पडल्याचाही आवाज नाही, आणि दिवा भगभगीत. त्यानं कान लावला. काही नाही. आतल्या तारांच्या जुडीपाशी बोट नेलं तर दिवा मंदावला. बोट काढलं की पुन्हा उजळला. मीटरची टोकं लावली तर सगळं ठीक, काढली की बिघाड. बघायला गेलं की साळसूद, पाठ वळली की चालू. "अरे काय नाटकं लावलीस," तो खोक्याला म्हणाला. आतल्या खोलीत रेडिओ खरखरला. तो रेडिओ आता तिचा सोबती झाला होता. जुना, मोठा डायल असलेला, दिवसभर बारीक आवाजात बोलत बसायचा. ती आली ती रेडिओ काखोटीला मारूनच. त्याच्यासमोर उभी राहून तिनं तो पुढे केला. स्टेशन कुठे नव्हतंच, नुसती घरघर. तिनं खोक्याकडे बोट दाखवून बटण बंद करायची खूण केली. त्यानं बंद केलं. रेडिओवरचा माणूस खणखणीत आवाजात हवामान सांगायला लागला. चालू केलं, घरघर. बंद केलं, हवामान. रेडिओ खोक्याजवळ नेला की घरघर वाढायची, दूर नेला की कमी व्हायची. तिनं भुवया उंचावल्या. बघा, तुमचा दिवटा काय करतोय.

तो पाहतच राहिला. खोकं गप्प नव्हतं. ते ओरडत होतं, जीव तोडून, माणसाच्या कानाच्या कितीतरी वरच्या पट्टीत. ओरडून ओरडून तापत होतं आणि माणसांना त्याचा पत्ता नव्हता. फूटपाथच्या कडेला पुढे केलेले ते दोन हात त्याला पुन्हा दिसले. रेडिओला मात्र ऐकू येत होतं. त्यानं झाकण उघडून आत पाहिलं, आणि आता कारण शोधायलाही लागलं नाही. ती देखणी जुडी. माइककडून येणारी बारीक तार आणि स्पीकरकडे जाणारी जाड तार त्यानं शेजारी शेजारी, गळ्यात गळा घालून, मेणाच्या दोऱ्यानं आवळून बांधल्या होत्या. काट्यात त्यानं काही बिघडत नाही. इथे बाहेर जाणारं थोडंसं पुन्हा आत शिरत होतं, मोठं होऊन बाहेर येत होतं, पुन्हा आत. आपलंच बोलणं आपल्याच कानात घालून घेणारा माणूस जसा थांबत नाही तसं. "ही सगळी जुडी..." तो म्हणाला. किती निगुतीनं बांधली होती. ती त्याच्या कानाशी वाकली. तिच्या केसांना खोबरेलाचा वास होता. आणि कानात, बोलणं म्हणता येईल इतपत, श्वासाच्या जरासं वर, ती म्हणाली, "उसवा ना मग."

रस्त्यावरच्या त्या दिवसानंतर तिनं आपणहून त्याला सांगितलेला हा पहिला शब्द. क्लासमध्ये दिवसातून दहादा सांगायची ती. टाका चुकला तर त्यात रडण्यासारखं काय, उसवा. तिनं आपली दोरे कापायची छोटी कात्री काढली, बाहीची शिवण उलगडावी तशा जुडीच्या गाठी टकटक कापल्या आणि मेणाच्या दोऱ्याचे तुकडे तळहातावर जमा केले. मग ती रेडिओ धरून उभी राहिली आणि तो लाकडी पेन्सिलीच्या टोकानं एकेक तार बाजूला सारू लागला. इकडे? घरघर. तिकडे? घरघर कमी, ती मान डोलवे. ही बारीक तार भिंतीच्या बाजूनं, आखूड करून? रेडिओवरचा माणूस घरघरीतून डोकं वर काढून काहीतरी पिकांबद्दल बोलला, पुन्हा बुडाला. ती घाईघाईनं मान हलवून 'परत, परत' सांगू लागली. एक अगदी इवलासा कपॅसिटर, तांदळाच्या दाण्याएवढा, त्या वरच्या पट्टीला लगाम घालणारा, त्यानं मधे डाग देऊन बसवला, आणि घरघर थांबली. टेबलावरचा दिवा विझला. रेडिओवरचा माणूस अगदी स्पष्ट, अगदी निवांत, पुढच्या आठवड्याचं पाणी कसं द्यायचं ते सांगत होता, आणि ते दोघं शेतीचा गंध नसलेले, त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. आत तारांचं आता जंजाळ झालं होतं. उंदरानं कुरतडल्यासारखं दिसत होतं ते. तिनं झाकण लावून टाकलं, म्हणजे त्याला ते बघायला नको.

तरी एक खोट राहिलीच. थंड असताना बायस बरोबर, पण खोकं चालू ठेवलं की आकडा गुपचूप चढायचा. तापलं की जास्त वाहायचं, जास्त वाहिलं की आणखी तापायचं. याला आवर घालायला एक छोटा ट्रान्झिस्टर असतो, थोरल्या दोघांचा ताप ओळखून त्यांना जरा दमानं घ्या सांगणारा. तो त्यानं रांग सरळ दिसावी म्हणून त्यांच्यापासून लांब, ऐसपैस जागी उभा केला होता. तिथे उभं राहून त्याला कुणाचा ताप कळणार होता? ताप बघायला कपाळाला हात लावावा लागतो. ऑपरेशननंतर ती झोपलेली असताना तो दाराशी उभा राहून 'बरं आहे ना?' विचारायचा, ती हात वर करून हो म्हणायची आणि तो समाधानानं परत जायचा. त्यानं छोटा ट्रान्झिस्टर काढला, त्याचे पाय तारा जोडून लांबवले, उष्णता नीट पोचावी म्हणून पांढरं मलम लावलं आणि त्याला थेट पन्हळी पट्टीवर, त्या दोघांच्या मधोमध चिकटवलं. चिमटा मिळेना तर तिनं कपडे वाळत घालायचा एक चिमटा आणून दिला. आता आकडा चढला, जरा रेंगाळला, आणि थांबला. शून्यावर नाही. शून्याच्या जरा वर. तो त्या आकड्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला आणि आज पहिल्यांदा त्याला तो खोटा वाटला नाही.

दुसऱ्या दिवसापासून क्लास सुरू व्हायचा होता. दुपारी त्यानं खोकं पुढच्या खोलीत फळीवर ठेवलं, स्पीकर मशीनींच्या डोक्यावर खिळ्याला टांगला आणि माइक तिच्या कॉलरीला, गळ्याच्या अगदी जवळ लावता येईल असा एका पट्टीवर शिवायला तिला दिला. शिट्टी येऊ नये म्हणून तो जवळच हवा. "चालू ठेवलंय," तो म्हणाला. "गरम होऊ दे जरा. मग बघू. आत्ताच बोलायला पाहिजे असं काही नाही." हे तो तिला धीर द्यायला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे. 'ही मी नाही' असा तो पंजा पुन्हा हलला तर पुढे काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं. त्याच्याकडची सगळी हुशारी वापरून झाली होती. तो स्वयंपाकघरात गेला आणि चहाचं आधण ठेवलं. बाहेर ती पट्टीला टाके घालत असावी. रेडिओ बारीक आवाजात चालू होता, स्वच्छ, घरघरीशिवाय. 'कुठे गेली बाई सुई,' कोणीतरी म्हणालं. त्यानं साखर घातली. 'हां, इथे आहे होय.' तो पावडरीचा डबा उघडत होता. रेडिओवर कोणी बाई बोलतेय असं त्याला वाटलं आणि त्याच क्षणी कळलं की रेडिओवर तर बातम्या चालल्या आहेत. तो आहे तिथेच उभा राहिला. हलायची त्याला भीती वाटली. मग पुढच्या खोलीतून त्याचं नाव आलं.

नाव. पगारपत्रकावरचं, गॅसच्या बिलावरचं. मागे राव नाही, पुढे अहो नाही, नुसतं नाव. मऊ, जोर न लावलेलं, कडा शाबूत असलेलं. पहिल्यांदा त्याला आपली आईच आठवली. पण आवाज हिचा होता, त्यात शंकाच नव्हती, घोगरेपणाखाली अगदी तिचा. त्याच्या हातात गाळणं होतं. पुढच्या खोलीत तो आवाज जरा थांबला, आवाजाच्या बाईंनी शिकवल्यासारखा श्वास सोडल्याचंही ऐकू आलं, आणि मग आपल्याच आवाजाला घाबरत घाबरत ती म्हणाली, "त्या दिवशी रस्त्यावर अहो म्हणायला वेळच नव्हता. नावानंच हाक मारली मी तुम्हाला. जन्मात पहिल्यांदा." मधे थोडी शांतता गेली. त्या शांततेत काही तुटलं नाही. "आणि मेली कुणाला ऐकूसुद्धा गेली नाही."

आधण उकळून वर येत होतं. त्यानं गॅस बंद केला. पुढच्या खोलीतून तिनं पुन्हा एकदा, हळूच, नावानं हाक मारली. आणि एवढ्या दिवसांची राहिलेली ती ओ त्यानं दिली.